डोक्याला मार, त्या दिवशीचा खेळ बंद

क्रीडाशिक्षक बंधुभगिनींनो,

मैदानं, अनुदान, रिक्त पदं हे सगळं सचिवांच्या अहवालात आलंच आहे. त्यामुळे मी एकाच विषयावर बोलणार आहे. खेळताना मुलांच्या डोक्याला बसणारा मुका मार.

कबड्डीत कोपरारक्षक घोटा धरायला झेपावतो आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसतो. रक्त नाही, टेंगूळही नाही. मुलगा उठतो आणि भलत्याच अंगणाकडे चालू लागतो. प्रेक्षक हसतात. आपण तोंडावर पाणी मारतो, पाठीवर थाप देतो, "काही झालं नाही, खेळ!" खरं तर त्या चार पावलांतच सगळं कळलेलं असतं. मेंदूला धक्का बसलेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. शून्यात बघणं, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, उजेड न सोसणं, उगाच रडू येणं, यातलं एक दिसलं तरी मुलगा बाहेर. "बरा आहेस ना?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. दहावीचे क्रीडागुण आणि विभागीय निवड त्याला समोर दिसत असते. त्यापेक्षा गुणफलक किती, मागची चढाई कोणी केली, हे विचारा. उत्तरं बरोबर आली, पण लक्षणं आहेत, तरीही बाहेरच.

आणि बाहेर म्हणजे त्या दिवसापुरता पूर्ण बाहेर. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. वैद्यकीय चाचणी झाली, तो पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखायला लागलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटीत असा बदली खेळाडू घेण्याचा नियम तेव्हा महिनाभराचाही नव्हता. सोबत डॉक्टर असलेल्या संघाची ही गत, तर आपल्या तालुका स्पर्धेत प्रथमोपचार पेटीत बहुधा स्प्रे आणि कापूसच असतो.

धक्क्याच्या आड मेंदूत रक्तस्राव लपलेला असू शकतो, ही खरी भीती. फेब्रुवारी १९९८मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. चेंडू डोक्यावर बसल्यावर ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. म्हणून पहिले काही तास मुलाला एकटं सोडू नका, एकटं एसटीत तर बसवूच नका. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, जीभ जड झाली, हातपाय लुळे पडले, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, किंवा जागं करूनही तो नीट जागा होईना, तर डॉक्टरांची वाट बघत बसू नका, १०८ला फोन लावा. मान दुखते म्हणाला तर चौघांनी उचलून नेऊ नका.

पालकांशी बोलणं मात्र अवघड जातं. ते दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅनचा कागद घेऊन येतात, "सर, रिपोर्ट नॉर्मल आहे, खेळू द्या." स्कॅन रक्तस्राव दाखवतो, कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो. नुसता धक्का त्यात सहसा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मुलगा बरा, असं नाही. घरच्या समजुतीही असतातच, जसं मार लागल्यावर झोपू द्यायचं नाही. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि मघाशी सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर त्याला झोपू द्यावं; रात्रभर जागवणं हा छळ आहे. डोकेदुखीवर पॅरासिटामोल चालतं, सुरुवातीला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडायचं शास्त्रही आता मागे पडलं. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मोबाइल कमी, मग हलकं चालणं.

मैदानावर परतायच्या पायऱ्या खेळातल्या मेंदूच्या धक्क्यांवरील २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेत तज्ज्ञांनी नक्की केल्या आहेत. आधी शाळा, मग खेळ. चालणं, हलकं धावणं, एकट्याचा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनं पकडीचा सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान २४ तास. त्रास ठळकपणे वाढला की थांबायचं. मुलांना कधीकधी महिना लागतो. तो द्यावा. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः कोवळ्या वयात. अंतिम सामना कितीही मोठा असो, त्यासाठी ही जोखीम घ्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडणार आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय येताच खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. बाहेर काढण्याचा अधिकार पंचांचा असेल. त्या संघाला जादा बदली खेळाडू मिळेल. आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तो सामन्यात उतरणार नाही. आपण सर्वांनी या ठरावाला अनुमोदन द्यावं आणि याच हंगामात तालुक्यापासून तो अमलात आणावा, अशी माझी विनंती आहे.