देवाचे काम आणि घरची माणसे



कामधंदा आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, याविषयी ख्रिस्ती दृष्टीने बोलावे अशी चालकांची आज्ञा आहे. पैशाच्या लोभाने घर विसरणाऱ्या माणसाविषयी मी बोलणार नाही. आपले चुकते आहे हे त्याला मनातून ठाऊक असते. अवघड प्रश्न निराळाच आहे. लोकसेवेसाठी, प्रत्यक्ष देवाच्या कामासाठी जो घराकडे पाठ फिरवतो, त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न येशूपुढेही आला होता. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात 'कर्बान' असा शब्द येतो. आपल्या ओळखीच्या 'कुर्बान'चाच तो भाऊबंद. अर्थ, देवाला वाहिलेले. एखाद्याने आपली मिळकत 'कर्बान' ठरवली, की तीतून म्हाताऱ्या आईबापांना काही द्यायला तो मोकळा राहत नसे, आणि शास्त्रीमंडळी त्याला मान्यता देत. येशूने त्यांना रोखठोक सांगितले की, तुम्ही आपल्या रूढीने देवाचीच आज्ञा रद्द करता. देवाच्या नावावरसुद्धा घरच्यांचे देणे बुडवता येत नाही, असा हा निवाडा आहे.

निवाडा सरळ, पण पाळायला फार कठीण. टिळक आणि लक्ष्मीबाई यांची कथा आपण सर्वांनी 'स्मृतिचित्रां'त वाचलेली आहे, म्हणून ती सांगत नाही. दुसऱ्या एका घराची सांगतो. विल्यम केरी यांचे नाव मराठी माणसाने कृतज्ञतेने घ्यावे असे आहे. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून निघाले, १८१० साली मोडी टायपातला कोश निघाला. हे सारे चालू होते तेव्हा त्यांच्या घरात काय चालले होते?

पत्नी डॉरथी. लग्नाच्या नोंदीवर सहीऐवजी फुली करणारी, खेड्यातली बाई. हिंदुस्थानात यायला तिने प्रथम साफ नकार दिला होता. पुढे जहाज लांबले, मन वळवणारे पुन्हा दारात आले, आणि १७९३ साली तान्हे मूल घेऊन ती निघाली. बहीण सोबत येईल या अटीवर. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर डॉरथीचे मन फाटले ते पुन्हा सांधले नाही. १८०७ साली ती वारली. अखेरची कित्येक वर्षे ती एका खोलीत आक्रोश करीत असे आणि शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करीत बसलेले असत. मुले मोकाट वाढत होती; त्यांना वळण लावले ते सहकाऱ्यांनी, विशेषतः हॅना मार्शमन या बाईंनी. त्या स्वतः शाळा चालवीत होत्या, हेही ध्यानात ठेवावे.

केरी निष्ठुर नव्हते. पत्नीला त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात धाडले नाही, घरीच सांभाळले. तिच्या रोगाला त्या काळी औषध नव्हते, आणि काम सोडले असते तर ती बरी झाली असती असे कोणी म्हणू नये. पण पहिला नकार ऐकून घेतला असता तर? या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही. आपल्या हाती आलेल्या त्या पुस्तकांची किंमत डॉरथीनेही मोजली, एवढे मात्र मला वाटते.

आता आपल्या घरात येऊ. शब्बाथाच्या आज्ञेत विसावा कोणाला द्यायचा याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आतला परका. पत्नीचे नाव तीत नाही! पंडित म्हणतात, 'तू' या शब्दातच ती आली. असेल. परंतु रविवारी उपासनेहून परतल्यावर आमच्या घरांतून काय दिसते? पुरुष वर्तमानपत्र उघडतो, आणि मसाला वाटायला कोण बसते? हल्ली तीही सहा दिवस कचेरीत जाते. तिचा सातवा दिवस स्वयंपाकघरात जातो आणि यजमानांचा मंडळीच्या कमिटीत. कमिटीही देवाचीच, म्हणून बोलायची सोय नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाला एक अट घातली आहे (आमच्या आजच्या अध्यक्षांनी क्षमा करावी): ज्याला आपले घर नीट चालवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? नेमणुकीच्या वेळी हा उतारा वाचला जातो. उमेदवाराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला नि मुलांना कोणी विचारल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.