थंडी, टायर आणि पिंवळा दिवा

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार ती आधीं चांगली तापवितो. तापली कीं ती फुगते व चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओतलें कीं ती आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात व थंडीनें आकुंचन पावतात, हा नियम खेड्यांतल्या लोहाराला पुस्तकावांचून ठाऊक असतो. मोटारीची धांव रबराची असते व तिच्या पोटांत हवा कोंडलेली असते. नियम मात्र तोच. फरक इतकाच कीं, जी थंडी लोखंडी धांवेला घट्ट करते, तीच रबरी धांवेला सैल करते.

आजच्या पुष्कळ मोटारींत चालकासमोरच्या फळीवर एक लहानसा पिंवळा दिवा असतो. घोड्याच्या नालासारखी टायरच्या छेदाची आकृति व तिच्या मध्यभागीं उद्गारचिन्ह, असें त्याचें रूप. टायरांतील हवेचा दाब फार उतरला म्हणजे तो लागतो. हिवाळ्याच्या पहिल्या कडक पहाटे थंड मुलखांतील असंख्य गाड्यांत तो एकदम लागतो, आणि त्यामुळेंच त्याच्याविषयीं एक समजूत रूढ झाली आहे. "थंडी पडली म्हणून लागला आहे, दुपारीं आपोआप जाईल." या समजुतींत अर्धें सत्य आहे, आणि रस्त्यावर अर्धें सत्य फार महाग पडतें.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याचें उदाहरण घ्यावें. तेथें अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालेलीं आहेत. समजा, मिनिआपोलिस शहरांत राहणाऱ्या एका गृहस्थानें शरद् ऋतूंत, उष्णतामान २० अंश सेल्सिअस असतां, चारी टायरांत ३२ पौंड हवा भरून घेतली. पौंड म्हणजे येथें दर चौरस इंचावरील दाब. पुढें ३० जानेवारी २०१९ ची पहाट उजाडली. त्या दिवशीं त्या शहराचें उष्णतामान शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत उतरलें होतें. मोटारीच्या टायरांत दर सहा अंशांच्या उतारामागें सुमारें एक पौंड दाब कमी होतो. या हिशेबानें, टायरांतून यत्किंचितहि हवा न गळतां, ३२ पौंडांचे सुमारें साडेतेवीस पौंड झाले. हवा तितकीच, टायर तेच, परंतु गाडीचें ओझें तोलण्याची शक्ति एकचतुर्थांशाहून अधिक घटली. शिवाय रबरांतून हवा नैसर्गिक रीतीनेंच महिन्याला सुमारें एक पौंड झिरपत असते, ती तूट निराळीच.

आतां दिवा नेमका केव्हां लागतो? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें, गाडीसाठीं ठरविलेल्या दाबाहून दाब शेंकडा २५ नें उतरला म्हणजे दिवा लागलाच पाहिजे. ३२ पौंडांच्या टायरासाठीं ही मर्यादा २४ पौंड होय. म्हणजे त्या गृहस्थाच्या गाडींतील दिव्यानें थंडीला भिऊन खोटी आरोळी ठोकली नव्हती. मर्यादा खरोखरच ओलांडली गेली होती. उलट असें म्हणतां येईल कीं, दिवा फार उशिरां बोलला. चार, पांच, सहा पौंड उतरेपर्यंत तो मुका होता.

हा कायदा सुखासुखीं झालेला नाहीं. ऑगस्ट २००० मध्यें अमेरिकेंत एका प्रसिद्ध कंपनीचे सुमारें ६५ लक्ष टायर परत मागवावे लागले. धांवत्या गाडीच्या टायरांचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि त्या अपघातांत दोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर त्याच वर्षीं तेथील काँग्रेसनें कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या मोटारींत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपांत नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. त्या लहानशा पिंवळ्या उजेडामागें एवढी किंमत मोजलेली आहे.

दाब कमी असला म्हणजे नेमकें काय बिघडतें? टायराच्या बाजू दर फेऱ्यागणिक अधिक वांकतात. एखादी तार पुनःपुनः वांकविली कीं ती वांकल्या जागीं तापते. तसेंच रबर आंतून तापतें, थर सुटूं लागतात व भरधांव वेगांत टायर फुटण्याचा धोका वाढतो. गाडीचें वळण सुस्त होतें आणि पेट्रोलहि अधिक जळतें.

गाडी कांहीं मैल चालली कीं टायर गरम होतात, आंतील दाब कांहीं पौंडांनीं वाढतो आणि दिवा कित्येकदां विझतो. येथेंच मालकाची फसगत होते. ताप औषधानें तात्पुरता उतरला म्हणून दुखणें गेलें असें शहाणा वैद्य मानीत नाहीं. गरम टायराचा दाब हा उसना दाब असतो. दुसऱ्या पहाटे तो परत करावाच लागतो.

तर मग दिवा लागल्यावर काय करावें? प्रथम तो कसा लागतो तें पाहावें. गाडी सुरू करतांच तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष हवेचा नसून यंत्रणेचा असतो. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या आंत दाब मोजणारें लहान यंत्र असतें व त्याची बॅटरी बहुधा सात ते दहा वर्षांत संपते. दिवा लुकलुकल्यावांचून स्थिर लागला, तर दाब खरोखरच उतरलेला आहे असें समजावें. गाडी एका बाजूला ओढूं लागली, तर वेग हळूहळू कमी करून सुरक्षित जागीं थांबावें.

त्यानंतर चारी चाकांचा दाब गेजनें मोजावा. चारी टायर सारखेच उतरले असतील, तर तो थंडीचा प्रताप. एकच टायर इतरांहून बराच खालीं असेल, तर थंडी केवळ निमित्त. त्यांत खिळा असेल किंवा व्हॉल्व गळत असेल, आणि तें चाक पंक्चरवाल्याकडे नेलेंच पाहिजे. "थंडीच असेल" असें म्हणून जो मोजीत नाहीं, त्याला हा भेद कधींच कळत नाहीं.

मोजणी टायर थंड असतांना करावी; गाडी निदान तीन तास उभी असावी. किती दाब हवा, हें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत पाहावें. टायरावर छापलेला आंकडा ही त्या टायराची कमाल मर्यादा असते, गाडीसाठीं सांगितलेलें प्रमाण नव्हे. गाडी उबदार गॅरेजमध्यें ठेवून तेथेंच हवा भरावयाची असेल, तर बाहेरच्या थंडीचा हिशेब करून दर सहा अंशांस एक पौंड अधिक घालावा. गरम टायरांतून हवा कधींहि सोडूं नये. नायट्रोजन भरल्यानें थंडीचा उपसर्ग टळतो, हीहि भाबडी समजूत होय. साध्या हवेंतच शेंकडा ७८ भाग नायट्रोजन असतो, आणि आकुंचनाचा नियम दोघांनाहि सारखाच लागू आहे.

कांहीं गाड्यांत दाब प्रत्यक्ष न मोजतां चाकांच्या फिरण्याच्या गतीवरून ताडला जातो. तेथें हवा भरून झाल्यावर एक बटण दाबून यंत्रणेला नवें प्रमाण शिकवावें लागतें. हवा न भरतांच तें बटण दाबणारे लोकहि आहेत. दिवा विझतो खरा. पण उतरलेला दाब हाच योग्य दाब असें यंत्रणा धरून चालते आणि मालकाचा पहारेकरी त्याच्याच हातून झोंपीं जातो.

हा विषय परदेशापुरताच आहे असें नाहीं. नागपुरांत ऑक्टोबरच्या दुपारीं ३३ अंशांत भरलेल्या ३२ पौंडांचे, जानेवारींतील १० अंशांच्या पहाटे साडेअठ्ठावीस होतात. तीन महिन्यांची झीज धरली तर पंचवीसच्या आसपास. दिल्लीच्या पहाटेची कथा याहून कठीण. शिवाय हिंदुस्थानांत आज रस्त्यावर असलेल्या असंख्य गाड्यांत हा दिवा मुळींच नाहीं. तेथें तो इशाराहि मिळत नाहीं.

म्हणून दिवा असो वा नसो, थंडीच्या दिवसांत महिन्यांतून एक सकाळ गेज हातीं घ्यावें, स्टेपनीसकट पांचहि टायर तपासावे, आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीं तर तें कधींच चुकवूं नये. या कामाला दहा मिनिटें लागतात, आणि त्या चार चाकांवर घरांतलीं सर्व माणसें बसलेलीं असतात.