प्रसूतिगृहांतील पहिली बाटली

बाळंतपणें घरीं होत असत त्या काळीं बाळंतिणीची खोली अंधारी असे, शेगडीच्या धुरानें कोंदलेली असे, आणि सुईणीचें ज्ञानही बेताचेंच असे. तरी एक गोष्ट तेथें आपोआप साधे: मूल आईच्या कुशींत असे. पुढें प्रसूतिगृहें आलीं आणि असंख्य माता व बालकें मृत्यूच्या दाढेंतून सुटलीं, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु अनेक देशांतील रुग्णालयांनीं स्वच्छतेच्या व शिस्तीच्या नांवाखालीं नवजात अर्भकांना मातांपासून दूर, निराळ्या दालनांत ओळीनें निजविण्याची प्रथा पाडली. तेथें घड्याळाच्या कांट्याकडे पाहून परिचारिका मुलांना पाजीत, आणि जें पाजीत तें बहुधा डब्यांतल्या भुकटीचें दूध असे.

एका बाटलीनें काय बिघडतें, असें सुशिक्षित घरांतूनही विचारलें जातें. याचें उत्तर शरीरधर्मांत आहे. मातेचें दूध घागरींत भरून ठेवलेल्या पाण्यासारखें नसतें. तें विहिरीच्या झऱ्यासारखें असतें. जितका उपसा अधिक तितका पाझर अधिक. मूल चोखूं लागलें म्हणजे मातेच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीला सूचना पोंचते, आणि दूध निर्माण करविणारा रस तिच्यांतून रक्तांत उतरतो. बाटलीनें पोट भरलेलें मूल निजतें, चोखत नाहीं. सूचना थांबते, दूध कमी येतें. आणि ‘हिला दूधच नाहीं’ असा निवाडा होऊन दुसरी बाटली भरली जाते. वस्तुतः पहिल्या दिवशीं अर्भकाच्या जठरांत एका वेळीं जेमतेम लहान चमचाभर दूध मावतें, आणि पिवळसर, दाट असा चीकही तितकाच येतो. रोगांशीं झगडणारीं द्रव्यें त्यांत विपुल असतात. हाच चीक पिळून टाकून मुलाला मध चाटविण्याचा प्रघात मात्र घरगुती बाळंतपणांतलाच, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

डब्याच्या दुधाचा खरा धोका घरीं गेल्यावर उघड होतो. पाणी अशुद्ध, बाटली नीट न उकळलेली, आणि महाग डबा पुरवून वापरावा म्हणून भुकटी पातळ केलेली, अशा स्थितींत मूल हगवणीनें खंगत जातें. सिंगापूर येथें १९३९ सालीं रोटरी क्लबापुढें डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं याच विषयावर जें व्याख्यान दिलें त्याचें नांवच ‘दूध आणि खून’ असें होतें. सभ्य मंडळींच्या भोजनसभेंत असें नांव उच्चारण्यास धैर्य लागतें.

या प्रश्नाचें मूळ रुग्णालयाच्या व्यवस्थेंत आहे, हें फिलिपाइन्समधील बागियो या डोंगरी शहरांत स्पष्ट झालें. तेथील सरकारी रुग्णालयाच्या बालरोगविभागाच्या प्रमुख डॉ. नातिविदाद रेलुसियो-क्लाव्हानो यांनीं १९७५ सालीं दुधाच्या कंपन्यांना नवजातांच्या दालनाचें दार बंद केलें. भिंतींवरचीं रंगीत चित्रें व कंपन्यांचीं कॅलेंडरें उतरलीं, बाटल्या गेल्या, आणि मुलें मातांच्या शेजारीं आलीं. १९७३ पासून १९७७ पर्यंतच्या सुमारें १०,००० अर्भकांच्या नोंदी पुढें त्यांनीं अभ्यासल्या. या बदलानंतर हगवण, जंतुदोष आणि मृत्यू झपाट्यानें घटले होते. आणि जीं मुलें दगावलीं त्यांत बाटलीवरचींच फार होतीं. नवें औषध कोणतेंच निघालें नव्हतें, आणि इमारतही तीच होती.

१९८१ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य सभेनें या मालाच्या विक्रीविषयीं आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतानें मंजूर केली. विरोधी मत अमेरिकेचें होतें. भारतानें १९९२ सालीं कायदाच केला व २००३ सालीं तो अधिक कडक केला. त्यान्वये जाहिरात, फुकट नमुने व वैद्यकांस दिली जाणारी लालूच यांना बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचें चित्रही छापतां येत नाहीं.

पण रात्रीं दोन वाजतां मूल रडूं लागलें म्हणजे कायदा खाटेपाशीं येत नाहीं. तेथें असते थकलेली बाळंतीण, घाईंत असलेली परिचारिका, आणि काळजीनें व्याकूळ झालेली आजी; आणि डबा मागविणारी व्यक्ति पुष्कळदां हीच आजी असते. सिझेरियन झालेल्या मातेलाही हाताखालीं उशी देऊन, कुशीवर निजवून पहिल्या तासाच्या सुमारास पाजतां येतें. मात्र त्यासाठीं कोणीतरी जवळ बसावें लागतें. बाटली भरून देणें त्याहून पुष्कळ सोपें, आणि बहुतेक ठिकाणीं घोडें अडतें तें येथेंच.

कांहीं मातांना खरोखरच पाजतां येत नाहीं. त्यांना दोष देणें हें निव्वळ क्रौर्य होय. कांहीं आजारांत भुकटीचें दूधच योग्य असतें. परंतु अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं मुंबईनें दुसरी वाट काढली आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. ज्या मातांना आपल्या मुलास पुरून दूध उरतें त्या तें स्वेच्छेनें देतात. त्यांची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून मग गोठवून ठेवितात. लागेल तेव्हां तें पातळ करून मूठभर वजनाच्या अर्भकाला नळीनें किंवा वाटी-चमच्यानें पाजतात, आणि दुसऱ्या दालनांत त्याच्या आईला स्वतःचें दूध कसें काढावें हें परिचारिका शिकवीत असते.