बेआत्रीचे : एका नावाची वाटचाल

'बेआत्रीचे' या इटालियन स्त्रीनामाचा अर्थ सामान्यतः 'धन्य करणारी' असा सांगितला जातो. लॅटिनमध्ये 'बेआतुस' म्हणजे धन्य; तेव्हा हा अर्थ कोणालाही सहज पटावा. परंतु नावाच्या मुळाशी जाऊ लागले की निराळीच हकीकत हाती येते.

मूळ रूप होते 'वियात्रिक्स'. 'विया' म्हणजे वाट, 'वियातोर' म्हणजे वाटसरू आणि 'वियात्रिक्स' म्हणजे वाट चालणारी स्त्री. यातला स्त्रीलिंगी प्रत्यय आपल्याला परका नाही. संस्कृतातील 'जनित्री' आणि लॅटिनमधील 'गेनेत्रिक्स' यांचे प्रत्यय एकाच कुळातले आहेत. मनुष्य इहलोकी केवळ यात्रेकरू आहे, असे मानणाऱ्या आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला हे नाव अर्थपूर्ण वाटले. रोममध्ये इ. स. ३०३ च्या सुमारास, डायोक्लीशनच्या छळात हौतात्म्य पावलेल्या एका साध्वीचे हेच नाव होते. पुढे लोकांच्या उच्चारात 'व' आणि 'ब' एकमेकांत मिसळले, 'बेआतुस'ची छाया पडली, आणि वाटसरूची धन्या झाली!

या नावाला अमर केले ते फ्लॉरेन्सच्या दान्तेने (१२६५–१३२१). वयाच्या नवव्या वर्षी त्याने बेआत्रीचेला प्रथम पाहिले. ती फोल्को पोर्तिनारी याची कन्या, असे बोकाच्चिओने नमूद केले आहे. ती दुसऱ्याची पत्नी झाली आणि १२९० साली ऐन तारुण्यात निवर्तली. १३०२ साली दान्ते हद्दपार झाला. जन्मगावी तो पुन्हा कधीच परतला नाही. त्याच्या 'दिविना कोम्मेदिया' या महाकाव्यात वाट चुकलेल्या कवीसाठी बेआत्रीचे स्वर्गातून खाली उतरते, व्हर्जिलला त्याच्या साह्यास धाडते आणि पुढे स्वतः त्याला स्वर्गलोकातून नेते. धन्य करणारी ही नायिका आधी वाट चालते, मगच दुसऱ्याला वाट दाखविते. नावाचे दोन्ही अर्थ तिच्या ठायी असे एकत्र नांदतात.

पोर्तुगिजांबरोबर 'बेआत्रीझ' या रूपाने हे नाव आपल्या गोमंतकातही पोहोचले. व्युत्पत्तिकारांनी मूळ अर्थ अवश्य शोधावा. परंतु शतकानुशतके आईबापांनी ज्या अर्थाने लेकीला हाक मारली, तो अर्थ केवळ नंतरचा म्हणून खोटा ठरत नाही. शब्दाला जन्म देते भाषा. त्याचे आयुष्य घडवितात ते बोलणारे लोक.