भाषण कसे बांधावे?

(वर्षावासात विहारामध्ये झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार अभिवादन करून आम्ही लगेच विषयाकडे वळतो.

आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते गिरणीच्या दरवाजावर, गेटमीटिंगमध्ये. एक पाळी सुटतेय, दुसरी आत चाललीय, लोकांच्या हातात डबा, कोणाला लोकल पकडायची घाई, आणि भोंगा व्हायला दहा मिनिटे. तेवढ्यात जो आपला मुद्दा लोकांच्या डोक्यात घालील तोच वक्ता! मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले. पण त्या दहा मिनिटांनी जे शिकवले ते आजही उपयोगी पडते, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे पाहू की भाषणाची कला आपल्याला हवी कशाला? १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टेजवर बोलायला? तेवढ्यापुरतीच नव्हे. शाळेत पालकांची सभा असते, वॉर्ड ऑफिसात शिष्टमंडळ जाते, चाळीच्या पुनर्विकासाची सभा होते. तिथे जो नीट बोलतो त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जाते. बाकीचे घरी येऊन बायकोला सांगतात, "मला असं बोलायचं होतं!"

अशीच एक पुनर्विकासाची सभा आम्ही पाहिली. बिल्डरचा माणूस गोड आणि थोडक्यात बोलला. आपल्यातले एक जुने कार्यकर्ते उठले. त्यांच्या मनात प्रश्न बरोबर होता, पण त्यांनी सुरुवात केली चाळ कशी वसली तिथपासून. वीस मिनिटे झाली, लोक उठू लागले, अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि मूळ प्रश्न राहूनच गेला. मग मागे बसलेल्या एक विधवा बाई, घरकाम करणाऱ्या, उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाडं किती महिने देणार, आणि ते कुठल्या कागदावर लिहून देणार, तेवढं सांगा." सभा एकदम शांत! त्या एका वाक्याने त्या दिवशी कागदावर सह्या थांबल्या. बाई भाषणबाज नव्हत्या, पण आपल्याला काय हवे ते त्यांना पक्के ठाऊक होते.

यातूनच पहिला नियम निघतो. बोलायला उठण्यापूर्वी आपले म्हणणे एका वाक्यात लिहा. "मला बाबासाहेबांवर बोलायचे आहे," हे म्हणणे झाले नाही, तो नुसता विषय झाला. "बाबासाहेबांना मानणाऱ्या प्रत्येक घरात मुलाला अभ्यासासाठी दोन तास शांतता मिळाली पाहिजे," हे म्हणणे झाले. मागावर कापड विणायचे तर आधी उभे धागे बीमवर नीट ताणून घ्यावे लागतात, मगच धोटा इकडून तिकडे पळतो. उभा धागाच नसेल तर धोटा कितीही पळवा, कापड होणार नाही. भाषणात ते एक वाक्य म्हणजे उभा धागा समजा.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. आपल्याकडे सुरुवात कशी होते? व्यासपीठावरील पंधरा जणांची नावे, मग "मी काही वक्ता नाही," मग "वेळ कमी आहे." यातच पाच मिनिटे जातात. लोकांचे लक्ष पहिल्या दोन मिनिटांतच मिळते, ते आपण असे फुकट घालवतो.

बाबासाहेबांनी काय केले ते बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी त्याच जनसमुदायापुढे मोठे भाषण केले. सुरुवातीलाच हात घातला तो लोकांच्या मनातल्या प्रश्नाला : या कार्यासाठी नागपूरच का निवडले? लोक तर्क करीत होते, कोणी भलतेच कारण सांगत होते. बाबासाहेबांनी ते तर्क खोडले, नाग लोकांचा इतिहास सांगितला आणि तिथून पुढच्या विषयात गेले. म्हणजे ऐकणारा जिथे उभा आहे तिथे वक्त्याने आधी जायचे, मग त्याला आपल्याबरोबर पुढे न्यायचे.

ही रीत थेट तथागतांची आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत होता. बापाने मरताना सांगितले म्हणून करीत होता. भगवान बुद्ध त्याला "हे मूर्खपणाचे आहे" असे म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच सहा दिशा घेतल्या आणि त्यांचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. या सगळ्यांशी नीट वागणे हाच दिशांना नमस्कार! ऐकणाऱ्याच्या हातात जे होते त्यातूनच उपदेश उभा राहिला. आपली पोरे आज मोबाईल घेऊन बसतात. त्यांच्याशी बोलायचे तर मोबाईलपासून सुरुवात करा, शिव्या देऊन करू नका.

तिसरी गोष्ट भाषणाच्या मधल्या भागाची. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. एक मुद्दा महाडचा, एक महागाईचा, एक शेजाऱ्याच्या भांडणाचा, अशी खिचडी होते. यालाही मार्ग आहे आणि तो आपल्या पाठ आहे. सारनाथला पाच परिव्राजकांना भगवंतांनी पहिले प्रवचन दिले. ते पाच जण देहदंडाला मानणारे, म्हणून आधी दोन टोके सांगितली, भोगाचे आणि देहदंडाचे, आणि मधला मार्ग दाखवला. मग चार आर्यसत्ये : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो, आणि त्या निरोधाचा मार्ग आहे. चांगला वैद्यही असेच करतो. रोग काय, कशाने झाला, बरा होईल का, औषध कोणते.

हीच चार पावले भाषणात टाका. समजा, विहारात अभ्यासिका हवी यावर बोलायचे आहे.

पहिले पाऊल, अडचण. "आपल्या वस्तीत आठवी-नववीला मुले मागे पडताहेत." इथे रडगाणे गाऊ नका, आपल्या गल्लीतली दोन उदाहरणे सांगा, तीही कोणाच्या मुलाचे नाव न घेता.

दुसरे, कारण. "पोरं ढ नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, स्टोव्ह चालू. वही ठेवायला जागा कुठाय?"

तिसरे, हे बदलता येईल. "विहाराचा हॉल संध्याकाळी सात ते दहा रिकामा असतो. चटया आहेत, दिवे आहेत, पंखे आहेत."

चौथे, मार्ग. "दररोज एका मोठ्या माणसाने हजर राहायचे. सात माणसे मिळाली की आठवडा भरला. नावे आज द्या, सोमवारी सुरू करू."

झाले भाषण! पाच मिनिटांत झाले, आणि कोणी "मग आम्ही करायचे काय?" असे विचारू शकणार नाही. चारपैकी एकही पाऊल गाळू नका. नुसते दुःख सांगितले तर लोक निराश होतात. कारण न सांगता उपाय सांगितला तर तो कोणाला पटत नाही. मार्ग सांगितला नाही तर टाळ्या वाजतात, पण सोमवारी हॉलला कुलूपच राहते.

चौथी गोष्ट पुराव्याची आणि विरोधकाच्या म्हणण्याची. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत जे भाषण केले ते प्रत्येक कार्यकर्त्याने समोर ठेवून अभ्यासावे. आपण त्यातला शेवटचा भाग जयंतीला ऐकतो, पण त्याची बांधणी बघतो का? आरंभी भावना नाही, हिशेब आहे. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला प्रथम भरली, कामाला २ वर्षे ११ महिने १७ दिवस लागले, मसुदा समिती १४१ दिवस बसली. दुरुस्त्या सुचवल्या गेल्या सुमारे ७,६३५, त्यांतल्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. उशीर झाला म्हणणाऱ्यांना त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या देशांचा काळ सांगून उत्तर दिले. मग श्रेय वाटून दिले. बी. एन. राव यांचे नाव घेतले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे घेतले. मग टीकाकारांचे आक्षेप एकेक घेऊन उत्तरे दिली. आणि हे सगळे झाल्यावर देशाच्या भवितव्याकडे वळले. तिथे त्यांनी इशारे दिले तीन : मागण्यांसाठी संविधानाचाच मार्ग धरा, कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, आणि राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणा.

तीनच! बाबासाहेबांसारख्या विद्वानाजवळ तीनशे मुद्दे असतील. पण ऐकणाऱ्याच्या ओंजळीत मावतील तेवढेच त्यांनी दिले. शिवाय इशाऱ्याआधी आकडे दिले, म्हणून इशाऱ्याला वजन आले. आपणही वॉर्ड ऑफिसात गेलो तर "पाणी येत नाही हो साहेब" म्हणून थांबू नये. किती दिवस, किती वाजता, किती घरांना, अर्ज कोणत्या तारखेला दिला, हे आधी सांगावे. आवाज चढवायची गरज पडत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्या आकड्याची खात्री नाही तो बोलू नका. मोबाईलवर फिरत आलेले, बाबासाहेबांच्या नावाखाली छापलेले वाक्य तर मुळीच बोलू नका. मूळ ग्रंथ बघा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. ते उघडून खात्री करता येते. आपले एक वाक्य खोटे निघाले तर समोरचा आपली दहा खरी वाक्ये फेकून देतो.

पाचवी गोष्ट शेवटाची. "वेळेअभावी थांबतो, चुकभूल द्यावी घ्यावी" हा काही शेवट नव्हे. ३१ मे १९३६ ला मुंबईत बाबासाहेबांनी "मुक्ती कोन पथे?" हे भाषण केले. धर्मांतराला तयारी लागते हे त्यांनी प्रवासाला निघणाऱ्या नावाड्याचा दाखला देऊन समजावले, विषयाच्या दोन्ही बाजू सविस्तर तपासल्या, आणि शेवटी भगवंतांनी आनंदाला दिलेला स्वयंप्रकाशित होण्याचा उपदेश लोकांच्या हाती ठेवला. भाषण संपले तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात स्वतःचा निर्णय होता. आपल्याही भाषणाच्या शेवटी ऐकणाऱ्याला काहीतरी करायला मिळाले पाहिजे. ते वाक्य आधी लिहून पाठ करा. मधले विसरलात तरी चालेल, शेवट विसरू नका.

आता तयारीविषयी. भाषण लिहून काढा. "आम्हाला लिहिता येत नाही" म्हणणाऱ्यांनी मुलीला सांगावे, ती लिहून देईल, आणि तिचेही शिक्षण होईल. लिहिलेले वाया जात नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि त्यांचे छापील भाषण पाहून ती परिषदच भरवली नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केले. तेच "जातिसंस्थेचे निर्मूलन" म्हणून आज जगभर वाचले जाते. सभा रद्द करता आली, लिहिलेला शब्द रद्द झाला नाही!

लिहिल्यावर ते मोठ्याने वाचा. सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाच-सहाशे शब्द पुरेत. मग त्यातले पाच शब्द एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवा : म्हणणे, अडचण, कारण, उपाय, काम. स्टेजवर तेवढाच कागद न्या. पाहून वाचाल तर डोळे कागदावर राहतात आणि लोक आपापसांत बोलू लागतात. भाषा घरची ठेवा. आईला समजेल असे बोलले तर प्रोफेसरलाही समजते, उलटे होत नाही.

शेवटी व्यवस्थेबद्दल एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या कार्यक्रमांत पाहुणे आधी बोलतात, पुढारी लांब बोलतात, आणि बायका-मुलांची पाळी येईतो रात्रीचे दहा वाजतात, लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. महिनाभर पाठ करून आलेली पोरगी रडत घरी जाते. ती पुढच्या वर्षी नाव देईल का? ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले नाही, त्यानेच आपल्या लेकीबाळींचे तोंड घड्याळाने बंद करावे, हे शोभत नाही. पुनर्विकासाच्या सभेत त्या बाईंचे एक वाक्य कामी आले. अशा किती बाया आपल्यात गप्प बसल्या आहेत?

म्हणून आमची सूचना अशी. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर दोघांनी बोलावे, प्रत्येकी पाच मिनिटे. त्यांत एक उपासिका असावी, एक वीस वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असावी. त्यांचे आधी होईल, मग मोठ्यांचे. समोर घड्याळ ठेवावे आणि घंटी सर्वांना सारखी वाजावी, अध्यक्षांनासुद्धा. वर्षाला बारा पौर्णिमा, म्हणजे चोवीस नवे वक्ते. येत्या पौर्णिमेची दोन नावे आज इथून उठण्यापूर्वी चिटणिसांच्या वहीत लिहून द्यावीत, एवढीच आपणां सर्वांना विनंती.

भवतु सब्ब मंगलं!

नमो बुद्धाय! जयभीम!