नवं ते काय?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय सर, बाई आणि दहावी 'ब'मधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

'अ' तुकडीनं राग मानू नये, सवयीनं 'ब' तोंडात येतं. सकाळपासून मला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, नट-नट्यांना प्रत्यक्ष भेटतोस का? भेटतो, पण ते जेवणाच्या सुट्टीत डबा खातात, बाकी विशेष काही नाही. दुसरा प्रश्न एका मैत्रिणीनं बाजूला घेऊन विचारला. तिच्या मुलाला बारावीनंतर सिनेमा शिकायचा आहे. "पाठवू का रे?" त्याचं उत्तर चहा पिता पिता देता येईना, म्हणून इथं देतो.

निबंधाच्या तासाला 'पावसाळ्यातील एक दिवस' आला की आपल्यातल्या चाळीस जणांचा पाऊस एकाच गाइडातून पडायचा. काळे ढग, मोरांचा थुईथुई नाच. आपल्या गावात मोर कुणी पाहिला होता? एकीनं मात्र घर गळतं तेव्हा कुठलं पातेलं कुठं ठेवायचं, एवढंच लिहिलं होतं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. विषय सगळ्यांना एकच होता, पातेली तिची होती.

सिनेमात याहून वेगळं नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा विलायती चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. याला नक्कल म्हणायचं का? मी म्हणणार नाही. 'संत तुकाराम' 1936 चा. तुकोबांची गोष्ट घराघरात माहीत होती, प्रेक्षकाला शेवटही ठाऊक होता. तरी तो मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मला विचाराल तर निम्मं श्रेय दामले-फत्तेलालांच्या जिजाईला. देवावर संतापणारी, म्हशीत आणि पोरांत जीव अडकलेली ती बाई गौरीबाईंनी अशी उभी केली, की तुकोबांची भक्ती घरात किती महाग पडते ते कळतं. जुन्या गोष्टीत अशी नवी जागा सापडते. मिळाला तर जरूर पाहा.

आता धंदा. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडली, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. ज्यांच्या नावानं आज देशातला सर्वांत मोठा चित्रपट पुरस्कार देतात, ते 1944 साली नाशिकला वारले तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं.

आजचा हिशेब सांगतो. तुमच्या तिकिटातून आधी जीएसटी जातो. उरल्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरचा. मग वितरकाचं कमिशन, पडद्यावर दाखवण्याचे डिजिटल शुल्क, जाहिरात. निर्मात्यापर्यंत पोचतं ते चिल्लर. त्यात शो मिळतो सकाळी साडेनऊचा. ज्या आजीसाठी सिनेमा केला ती त्या वेळी नळाला पाणी आलंय म्हणून घरात. सोमवारी थिएटरवाला म्हणतो, "लोक नाहीत," आणि पोस्टर उतरतं.

म्हणूनच निर्माते धास्तावतात. गेल्या वर्षी एकानं माझी पटकथा वाचली, आवडली म्हणाला. मग एका दाक्षिणात्य हिट चित्रपटाची लिंक पाठवली : "असंच, पण मराठीत करू या, पैसे उद्या देतो." माझी पटकथा एका एसटी कंडक्टरच्या निवृत्तीच्या दिवसाची आहे. त्यात मारामारी एकच, तीही सुट्ट्या पैशांवरून. मी नाही म्हणालो. घरी बायकोनं गृहकर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो एवढंच विचारलं. पाच तारखेला जातो. पटकथा अजून कपाटात आहे, मी जाहिरातींची कामं करतो आणि हप्ता भरतो. रीमेकला माझी ना नाही, उत्तम रीमेक झालेले आहेत. पण त्या गोष्टीत माझं पातेलं कुठंच नव्हतं.

तेव्हा मैत्रिणी, मुलाला पाठव. मात्र आधी त्याला वर्षभर एखाद्या सेटवर वायरी उचलू दे, आणि सोबत हिशेब लिहायला शिकव. वर्षानंतरही तो पहाटे चारच्या कॉलला आपणहून उठत असेल, तर तुझ्या परवानगीची त्याला गरज उरणार नाही.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, अक्षर सरांचंच दिसतंय. जेवणानंतर काहीही विचारा, फक्त फुकट पास मागू नका.