मुलाखतीआधी लॉगबुक: दोनशे तासांचा हिशोब

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या हातात कमर्शियल पायलट लायसन्स आलंय आणि जे एअरलाइनच्या कॉलची वाट बघतायत. बाकीच्यांनीही ऐका, कारण विमानात बसताना पुढे कोण बसलंय हे ठरवणारं एक साधं पुस्तक असतं. त्याचं नाव लॉगबुक.

मुलाखत म्हटलं की सगळे टेक्निकल प्रश्नांच्या मागे लागतात. मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, एअर रेग्युलेशन. ते करायलाच हवं. पण समोर बसलेले कॅप्टन बऱ्याचदा सुरुवात करतात ती तुमचं लॉगबुक उघडून. तेच प्रश्नपत्रिका असतं, आणि ती तुम्ही स्वतःच लिहिलेली असते.

आधी पाया बघू. भारतात सीपीएलसाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यात 100 तास पायलट इन कमांड, म्हणजे पीआयसी. पीआयसी म्हणून 20 तास क्रॉस कंट्री, आणि त्यातलं एक उड्डाण किमान 300 नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण 555 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय 10 तास इन्स्ट्रुमेंट आणि 5 तास रात्रीचं उड्डाण. हे सगळं तुम्ही केलंय म्हणूनच लायसन्स मिळालंय. प्रश्न एवढाच, की ते तुमच्या पुस्तकात पटकन सापडतं का?

तर पहिलं काम: बेरीज. कॅल्क्युलेटर घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा जोडा. ‘मागील पानावरून’ आणलेला आकडा एकदा चुकला की पुढची सगळी पानं चुकतात. मग ताळा करा. विद्यार्थी असताना ड्युअल आणि पीआयसी मिळून एकूण तास यायला हवेत. दिवस आणि रात्र मिळून तेवढेच. सिंगल इंजिन आणि मल्टी इंजिन मिळूनही तेवढेच. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात राहतात, ते प्रत्यक्ष उड्डाणाच्या बेरजेत मिसळायचे नाहीत. तिन्ही ताळे जुळले की समजा अर्धी लढाई जिंकली.

आता जे बाहेर शिकून आलेत त्यांनी कान देऊन ऐका. अमेरिकेत वेळ दशांशात लिहितात. 1.3 म्हणजे एक तास तीस मिनिटं नाही हां! एक तास अठरा मिनिटं. प्रत्येक उड्डाणात 12 मिनिटं जास्त धरली आणि अशी 60 उड्डाणं असली, तर चक्क 12 तास हवेतून आले. तुमचा हेतू साफ असेल, पण समोरच्याला आधी आकडा दिसतो, हेतू नंतर.

दुसरी गोष्ट पीआयसीची. अमेरिकेत प्रायव्हेट पायलट झाल्यावर, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी कंट्रोल्स तुम्ही एकट्याने हाताळले तर ती वेळ पीआयसी म्हणून लिहिता येते. तोच तास ड्युअलमध्येही दिसतो. तिथे ते कायदेशीर आहे. पण आपल्याकडे इन्स्ट्रक्टरकडून शिकतानाचं उड्डाण ड्युअल धरलं जातं. म्हणून एका वेगळ्या कागदावर स्वच्छ तक्ता करा: तिकडच्या पद्धतीने इतके तास, इकडच्या पद्धतीने इतके. विचारायच्या आधीच तो समोर ठेवा. वाद तिथेच मिटतो.

आता नियमांचं. विमान नियम 1937 मध्ये लॉगबुकसाठी 67 ए हा नियम आहे. नोंदी शाईने करायच्या. दर महिन्याच्या अखेरीला निदान एकदा तुम्ही स्वतः सही करून त्या बरोबर असल्याचं सांगायचं. दर तिमाहीला अधिकृत व्यक्तीकडून प्रमाणित करून घ्यायचं, विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा सीएफआय. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षं पुस्तक जपून ठेवायचं. सह्या राहून गेल्या असतील तर मुलाखतीच्या आदल्या रात्री धावपळ होते. सीएफआय बदललेले असतात, कुणी दुसऱ्या शहरात गेलेले असतात. बारामती असो, गोंदिया असो की धुळे, जिथे शिकलात तिथे आत्ताच फोन करा.

आणि चूक सापडली तर? व्हाइटनर अजिबात नाही. पान फाडायचं नाही. नवं कोरं पुस्तक आणून सगळं सुबक अक्षरात उतरवून काढायचं, हा मोह तर मुळीच नको. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. एकूण तासांवर परिणाम होत असेल तर सीएफआयना दाखवून त्यांचीही सही घ्या. ई-जीसीए पोर्टलवरची नोंद आणि कागदावरची नोंद जुळते का, तेही बघा. दुरुस्ती केलेलं लॉगबुक वाईट दिसत नाही. लपवलेली दुरुस्ती वाईट दिसते.

आता जरा अवघड बोलतो. वैमानिकांच्या बोलीत ‘पार्कर पेनचे तास’ असा शब्द आहे. म्हणजे विमानाने न उडता पेनाने उडवलेले तास. 2011 साली गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलं. त्या चौकशीतून वैमानिकाची लायसन्ससाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचं बाहेर आलं. मग डीजीसीएने बाकीच्यांची कागदपत्रं तपासायला घेतली. त्याच वर्षी राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलमधलं न केलेल्या उड्डाणांचे तास लिहिल्याचं प्रकरणही उघड झालं, आणि अटका झाल्या.

लक्षात घ्या, तुमचं लॉगबुक एकटं नसतं. विमानाचं स्वतःचं लॉगबुक असतं. इंजिनाच्या तासांची नोंद असते. इंधनाचा हिशोब असतो, टॉवरकडे उड्डाणांची नोंद असते. तुम्ही लिहिलेला एक तास किमान चार ठिकाणी तपासता येतो. ज्या दिवशी ते विमान हँगरमध्ये दुरुस्तीला होतं, त्या दिवशी तुम्ही त्यात उडालात असं पुस्तक म्हणत असेल, तर ते तुम्ही कसं समजावणार?

घरच्यांनी कर्ज काढलंय, जमीन गहाण टाकलीय, मित्र आधीच नोकरीला लागलेत. दडपण किती असतं ते समजतं मला. पण दहा-पंधरा खोट्या तासांनी मिळालेली नोकरी पुढची तीस वर्षं मानगुटीवर बसते. आणि तुमच्या मागे दीड-दोनशे माणसं बसलेली असतात, त्यांनी त्या तासांवर विश्वास ठेवलेला असतो.

शेवटी, मुलाखतीच्या दिवसासाठी. पाच पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावा: पहिलं सोलो, 300 मैलांचं क्रॉस कंट्री, रात्रीचं उड्डाण, मल्टी इंजिनची चाचणी आणि सर्वांत अलीकडचं उड्डाण. या पाचांची गोष्ट तोंडपाठ नको, पण डोळ्यांसमोर हवी. कुठून निघालो, वारा कसा होता, काय बिघडलं, काय निर्णय घेतला. शेवटच्या उड्डाणाला दीड वर्ष झालं असेल तर सरळ सांगा, आणि त्या काळात काय केलंत तेही सांगा. मध्ये खंड पडणं हा गुन्हा नाही.

एका कागदावर सगळी गोळाबेरीज लिहा, मूळ लॉगबुक, लायसन्स, मेडिकल आणि रेडिओचं लायसन्स एका फाइलमध्ये ठेवा. आज रात्रीच पहिली दहा पानं तपासून बघा. काही अडलं तर मेसेज करा, पुढच्या भागात सिम्युलेटर चाचणीबरोबर तेही घेऊ. तोवर काळजी घ्या, भेटू लवकरच!